पेशवेकालीन गुन्हेगारीचे कागद : कांहीं प्रचलित अभिप्रायांचें परीक्षण

पेशवाईंतील फौजदारी न्यायाविषयीं लिहूं इच्छिणाऱ्यानें प्रथम एका शब्दाचा अर्थ ध्यानांत घेतला पाहिजे. आज ‘गुन्हेगारी’ म्हटलें कीं गुन्हे करण्याची प्रवृत्ति किंवा गुन्ह्यांचा समुच्चय असा अर्थ होतो. मोडी कागदांत तो अर्थ नाहीं. तेथें गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्याबद्दल सरकारांत घ्यावयाचा दंड. मोल्सवर्थच्या कोशांतहि दंड हा अर्थ दिलेला आहे. महालाच्या हिशेबांत खंड-गुन्हेगारी ही जमेची एक बाब असे, व इतर किरकोळ जमेप्रमाणेंच तिचा हिशेब कमाविसदारास हुजुरांत समजवावा लागे. म्हणजे ज्या कागदांवरून आपण त्या काळच्या शासनाची कठोरता किंवा सौम्यता मोजतों, ते कागद न्यायाधीशानें न्यायाची हकीकत सांगण्यासाठीं लिहिलेले नसून बहुतांशीं कारकुनानें पैशाचा व मालाचा मेळ घालण्यासाठीं लिहिलेले आहेत. ही गोष्ट वरवर लहान दिसते. परंतु या विषयावर गेल्या सव्वाशें वर्षांत जें लिहिलें गेलें आहे, त्यांतील बराच भाग ती विसरल्यामुळें सदोष झाला आहे, असें आमचें मत आहे.

या लेखनाचा उगम न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या निबंधांत आहे. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनीं सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतून निवडलेल्या उताऱ्यांची प्रस्तावना म्हणून १९०० सालीं रानडे यांनीं तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें वाचला. त्यांतील अभिप्राय थोडक्यांत असा कीं, शाहूच्या कारकीर्दीपासून दंड, कैद व दंड न भरल्यास मालमत्तेची जप्ती हीच नेहमींची शिक्षा असे. अवयवच्छेद क्वचित् होई. खून, फितूर, दरोडा यांसहि देहान्त शिक्षा दिलेली दिसत नाहीं. सवाई माधवरावाच्या वेळीं, कारभार नाना फडणिसाच्या हातीं असतां, मात्र शासन कठोर झालें. रानडे यांच्या परिश्रमाविषयीं किंवा न्यायबुद्धीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. इंग्रजी अमलांत मराठी राज्याची जी निंदा चालली होती तिला कागदांनीं उत्तर द्यावें हा त्यांचा हेतु होता व तो योग्य होता. शिवाय त्यांनीं ‘दिसत नाहीं’ असें जपून लिहिलें. त्यांच्या मागून आलेल्यांनीं तेंच वाक्य ‘नव्हती’ असें वाचलें, आणि पेशवाईंतील दंडनीति सौम्य होती हा सिद्धान्त पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेला.

आतां रोजकीर्दींत काय दिसतें व काय दिसूं शकत नाहीं याचा विचार करावा. दंड झाला म्हणजे रुपये आले, ते चढले. जप्ती झाली म्हणजे घर, गुरें, भांडीं यांची यादी झाली, ती चढली. किल्ल्यावर कैद झाली म्हणजे कैद्याच्या शिध्याची तजवीज करावी लागली. तिचीहि नोंद झाली. परंतु एखाद्या भिल्लास रानांतील झाडास टांगलें, तर त्यांत सरकारांत येणें नाहीं आणि सरकारांतून जाणेंहि नाहीं. तें कलम कीर्दींत कोणत्या खात्यावर घालावें?

माऊंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या प्रश्नाचें उत्तर आहे. शिक्षेचा अधिकार हुद्द्याच्या मानानें वांटलेला असे. पाटलानें फार तर कांहीं दिवस चावडींत बसवावें. सरसुभेदारास प्राणदंडापर्यंत अधिकार. मोठ्या जहागिरदारांसहि आपल्या मुलखांत तो असे. आणि अखेरच्या काळीं रामोशी किंवा भिल्ल दरोडेखोरास हुजुरास विचारल्यावांचून फांशीं देण्याची मोकळीक मामलेदारासहि होती, असें तो सांगतो. एल्फिन्स्टन हा जिंकणाऱ्यांचा माणूस. त्याच्या अहवालांतील प्रत्येक वाक्य ताडून घेतलें पाहिजे. पण या ठिकाणीं खोटें सांगून त्याला लाभ नव्हता, आणि माहिती त्यानें जुन्या अंमलदारांस विचारूनच मिळविली होती. तेव्हां हुजूरच्या रोजनिशींत देहान्त शिक्षा आढळत नाहीं याचा अर्थ ती होत नव्हती असा न घेतां, ज्यांना ती होई त्यांच्यासाठीं हुजूरपर्यंत कागद चढविण्याची गरज कोणास वाटत नसे, असा घेणें अधिक सयुक्तिक आहे. सवाई माधवरावाच्या कारकीर्दींतील कठोरतेचेंहि थोडें असेंच आहे. त्या कारकीर्दीचे उतारे सर्वांत विपुल आहेत. कागद वाढले म्हणून शिक्षा वाढलेल्या दिसतात, कीं शिक्षाच वाढल्या, हें नुसत्या मोजणीनें ठरावयाचें नाहीं.

पण मुख्य दोष याहून निराळ्या ठिकाणीं आहे, आणि तो स्त्रियांच्या शिक्षेसंबंधीं आहे.

व्यभिचारास कागदांत बदअंमल किंवा बदकर्म असे शब्द येतात. अशा प्रकरणीं पुरुषाकडून बहुधा गुन्हेगारी घेत, आणि ती भरून तो घरीं जाई. स्त्रीचें तसें नव्हतें. तिच्या माणसांनीं पैसा भरून तिला पदरांत घेतली तर तिचें निभावे. न घेतली, आणि ती ब्राह्मणेतर जातीची असली, तर तिला सरकारांत कुणबीण करून ठेवीत. मग तिची रवानगी कोठीकडे, पागेकडे, किल्ल्यावर किंवा एखाद्या कारखान्याकडे होई. कधीं ती कोणास बक्षीस दिली जाई, कधीं विकली जाई. पैसे भरून किंवा म्हातारपणीं सुटका झाल्याच्या नोंदीहि आहेत. परंतु ती सुटका मेहेरबानीची, मुदत संपल्याची नव्हे. एकाच कृत्याबद्दल पुरुषास रुपयांचा दंड व स्त्रीस दास्य, असा हा न्याय होता. आणि त्यांतहि सरकारचें नुकसान कोठेंच नव्हतें, कारण पुरुषाकडून रोकड आली व स्त्रीकडून अंगमेहनत आली.

आतां वाडांच्या निवडींतील मांडणी पहावी. मूळ रोजकीर्द तारीखवार चालते. शिक्षेचें कलम, त्याच्या खालीं दाण्याच्या खरेदीचें, त्याच्या खालीं एखाद्या देवस्थानाच्या नेमणुकीचें, असा तिचा क्रम. वाडांनीं तो क्रम मोडून कलमें कारकीर्दवार व विषयवार सदरांखालीं लाविलीं व प्रत्येकाच्या माथ्यावर इंग्रजी सारांश दिला. एवढ्या मोठ्या राशींतून मार्ग काढावयाचा तर दुसरा उपाय त्यांच्याजवळ नव्हता, आणि त्यांच्या श्रमावांचून आपणांपैकीं पुष्कळांना त्या रोजनिशीचें तोंडहि पाहावयास मिळालें नसतें. परंतु परिणाम काय झाला? शिक्षेचा हुकूम फौजदारी न्यायाच्या सदरांत राहिला. त्या हुकुमानें जी बाई सरकारांत आली, तिची पुढची वाट गुलामांच्या, कारखान्यांच्या किंवा किल्ल्यांच्या नोंदींत गेली. न्यायाचें सदर वाचणारा म्हणतो कीं शिक्षा सौम्य होत्या. गुलामांचें सदर वाचणारा म्हणतो कीं दासी बाळगण्याची चाल जुनीच होती व आपल्याकडे दासींस घरच्यासारखें वागवीत. दोघेहि आपापल्या सदरापुरते खरे बोलतात, आणि दोघांच्या मधें ती बाई नाहींशी होते. शिक्षा ही शिक्षा म्हणून मोजली जात नाहीं. गुलामी ही न्यायासनापुढून आली हें ध्यानांत राहत नाहीं. सारांशावर काम भागविणाऱ्या अभ्यासकाच्या हातीं तर याहून कमी लागतें, कारण कुणबीण, बटीक, पोरगी हे मुळांतील निरनिराळे शब्द इंग्रजींत एकाच शब्दाखालीं सपाट होऊन जातात.

कुणबीण हा शब्दच थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. कुणबी म्हणजे शेत कसणारा. त्याचें स्त्रीलिंगी रूप मात्र कागदांत बहुधा विकत घेतलेल्या किंवा सरकारांत ठेवलेल्या दासीसाठीं येतें. याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. ब्राह्मणाच्या व सरदाराच्या घरांत पाणी भरणें, दळणें, सारवणें हीं कामें करणारी स्त्री ज्या जातीच्या हातचें पाणी चालतें त्या जातीची हवी. म्हणून खरेदींत व नेमणुकींत जातीची खातरजमा महत्त्वाची. आणि जात लपविलेली निघाली म्हणजे घरच्या घर प्रायश्चित्तास पात्र होई. म्हणजे दास्यांत पडल्यावरहि जात सुटत नव्हती. महार, मांग, चांभार स्त्री अपराधी ठरली तर तिला घरकामास घेणें शक्य नव्हतें. तिच्या वांट्यास बाहेरची मेहनत येई. जातिभेदानें शिक्षेची पायरी कशी बदले हें पाहावयास याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

ब्राह्मण स्त्रीची गोष्ट निराळी. तिला सहसा कुणबीण करीत नसत. तिला बहिष्कार, घटस्फोट अथवा किल्ल्यावर कैद. येथें घटस्फोट शब्दाचा आजचा अर्थ घेऊन फसूं नये. पतितास जिवंतपणींच मेलेला मानून त्याच्या नांवानें घट फोडण्याचा तो विधि आहे. नवराबायकोची फारकत नव्हे. आजच्या वाचकांसाठीं जुने कागद छापतांना ही टीप दिली नाहीं तर पेशवाईंत ब्राह्मण स्त्रियांस काडीमोडाचा हक्क होता असा शोध कोणी तरी लावील. या शिक्षांस दास्यापेक्षां हलक्या म्हणावें कीं काय, हा प्रश्न आम्ही सोडवूं इच्छीत नाहीं. दास्यांतील स्त्रीस निदान काम होतें व आसपास माणसें होतीं.

ब्राह्मण पुरुषाच्या अवध्यतेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून येथें दोनच मुद्दे. पहिला असा कीं, अवध्य याचा अर्थ मरत नसे असा नव्हे. ज्या ब्राह्मण कैद्यांस उघड मारतां येत नसे त्यांस विष देऊन किंवा अपायकारक अन्नानें संपवीत, अर्धें पीठ व अर्धें मीठ यांची भाकर हा त्यांतला एक प्रकार, असें एल्फिन्स्टन लिहितो. रोजकीर्दींत अशा कैद्याचा शिधा लिहिलेला असेल. त्यांतील मिठाचें प्रमाण कारकून लिहिणार नाहीं. दुसरा मुद्दा स्मृतींचा. ब्राह्मणास वधदंड नाहीं हें मनूचें वचन त्या काळच्या शास्त्र्यांस तोंडपाठ होतें. त्याच मनुस्मृतींत, त्याच आठव्या अध्यायांत, जाणत्या माणसानें चोरी केल्यास शूद्रास आठपट व ब्राह्मणास चौसष्टपट दोष सांगितला आहे. पेशवाईंतील न्याय शास्त्रानुसार चाले असें म्हणणाऱ्या लेखकांनीं पहिल्या वचनाचा जितका आदर केला तितकाच दुसऱ्याचा करावा, व त्याप्रमाणें दंड घेतल्याचीं कलमें दाखवावींत.

दरबारच्या खटल्यांत हाच भेद उघड दिसतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्याचा खून झाला. महंमद यूसफ, खरकसिंग हे गारदी व तुळाजी पवार हा खिजमतगार पुढें हातीं लागले. त्यांस मारण्यांत आलें. ज्याच्या नांवावर हें कृत्य झालें तो रघुनाथराव देहान्त प्रायश्चित्तास पात्र आहे असें रामशास्त्र्यांनीं सांगितल्याची कथा सर्वश्रुत आहे. तो पुढें दहा वर्षें जगला. सालबाईच्या तहानंतर नेमणूक घेऊन कोपरगांवीं राहिला व १७८३ सालीं तेथेंच वारला. लोकमतानें मात्र निकाल तिसऱ्याच ठिकाणीं लाविला. ‘धरावें’ याचें ‘मारावें’ आनंदीबाईनें केलें, एक अक्षर बदललें व खून झाला, अशी आख्यायिका घरोघर गेली. आम्ही मोडी वाचणारे लोक अक्षराची खाडाखोड पाहिल्यावांचून एखाद्या वतनाच्या महजरासहि खोटा म्हणत नाहीं. पण मूळ कागद डोळ्यांपुढें नसतां त्यावरील खाडाखोडीचा आरोप एका स्त्रीवर कायम ठेवण्यास कोणास संकोच वाटला नाहीं. आनंदीबाई १७९४ सालीं वारली. तिची चौकशी झाली नाहीं, म्हणून ती सुटलीहि नाहीं.

घाशीराम कोतवालाचें प्रकरण (१७९१) याच्या उलट्या बाजूनें बोलकें आहे. त्याच्या चौकींत कोंडलेले तेलंग ब्राह्मण गुदमरून मेले, पुण्यांतील ब्राह्मण खवळले, आणि नाना फडणिसानें कोतवाल त्यांच्या हवालीं केला. लोकांनीं त्यास दगडांनीं ठेंचून मारलें. घाशीराम स्वतः ब्राह्मण होता, तरी अवध्यता त्याच्या उपयोगीं पडली नाहीं. या गोष्टीवर इंग्रज वकिलानें लिहिलें, फोर्ब्सनें लिहिलें, मोरोबा कान्होबांनीं १८६३ सालीं पुस्तक केलें, आणि अलीकडे नाटकानें ती जगभर नेली. तथापि कोतवालीच्या कोठडींत माणसें कोंडण्याची वहिवाट त्या एका रात्रीं सुरू झाली नसावी. मेलेले तेलंग ब्राह्मण नसून परगांवचे मजूर असते, तर ही रात्र कोणत्या बाडांत शिरली असती याचा वाचकांनीं विचार करावा. कोतवालीचे हिशेब मात्र उपलब्ध आहेत, व त्यांत बदअंमलाच्या दंडाची जमा आहे. १७६७ ते १७९१ या काळांतील त्या कागदांवर नरेंद्र वागळे यांनीं स्त्रियांच्या दृष्टीनें जो लेख लिहिला, तो या विषयावरील अलीकडच्या उत्तम कामांपैकीं आहे, कारण त्यांनीं निवडीवर न थांबतां एका कचेरीचे कागद सलग वाचले.

गांवच्या चोरीविषयीं एक वाक्य पुरे होईल असें वाटलें होतें, पण तें पुरत नाहीं. चोरी झाली म्हणजे माग काढण्याची व माग न निघाल्यास भरपाई करण्याची जबाबदारी राखणदार रामोशी, महार, मांग किंवा भिल्ल यांवर असे. याचें कौतुक करणारे म्हणतात कीं पोलिसांवांचून मुलूख सुरक्षित राहिला. तें खरेंहि असेल. परंतु त्यांत अपराध सिद्ध होण्याची वाट न पाहतां जातीवर जोखीम टाकलेली आहे, आणि ही कल्पना इंग्रजांनीं मोडली नाहीं. तिचा कायदा केला. १८७१ चा गुन्हेगार जातींचा कायदा १९११ च्या दुरुस्त कायद्यानें मुंबई इलाख्यास लागू होऊं शकला, व तो देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडलें. दास्याचें तसें झालें नाहीं. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें कंपनी सरकारनें गुलामगिरीस न्यायालयांत थारा नाकारला.

उत्तरकालीन अभ्यासकांविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२३ सालीं मराठ्यांच्या राज्यकारभारावर लिहिलेला ग्रंथ अद्याप उपयोगी आहे; परंतु फौजदारी न्यायापुरता तो वाडांची निवड व एल्फिन्स्टन यांच्या पलीकडे फारसा जात नाहीं. वि. त्र्यं. गुणे यांनीं १९५३ सालीं डेक्कन कॉलेजमार्फत प्रसिद्ध केलेला न्यायव्यवस्थेवरील ग्रंथ महजरांच्या अभ्यासांत अद्वितीय आहे. तरी महजर हा वतनाचा कागद. जो जिंकला त्यानें तो पिढ्यान् पिढ्या पेटींत जपला, कारण त्यावर त्याचें पाटीलपण किंवा देशमुखी उभी होती. ज्या न्यायांत कोणाचें वतन नव्हतें त्याचा कागद कोण जपणार? कुणबीण झालेल्या बाईच्या वंशजांनीं तिच्या शिक्षेचा हुकूम देवघरांत ठेवल्याचें ऐकिवांत नाहीं. म्हणून गुणे यांच्या ग्रंथांतून गोत, मजालस, दिव्य यांनीं नटलेली जी न्यायव्यवस्था दिसते, ती वतनदारांची न्यायव्यवस्था आहे. तिला सर्व प्रजेची म्हणणें धाडसाचें होईल. हिरोशी फुकाझावा यांनीं गुलामगिरीवर लिहितांना न्यायालयीन शिक्षा हा दासी मिळविण्याचा एक मार्ग होता हें स्पष्ट केलें, व उमा चक्रवर्ती यांनीं १९९५ सालच्या आपल्या निबंधांत जाति व स्त्रीशासन यांचा संबंध राज्यसत्तेशीं जोडून दाखविला. त्यांचा रोख आम्हांस पटतो. परंतु त्यांच्याहि निष्कर्षांचा मोठा भाग मुद्रित साधनांवर उभा आहे, आणि मुद्रित साधनांची विषयवार विभागणी हीच जेथें अडचण आहे, तेथें त्याच विभागणीच्या दोन सदरांस पुन्हा टांका घालून भागत नाहीं. कोणती बाई कोणत्या हुकुमानें कोणत्या कोठीवर गेली हें नांवानिशीं जुळलें पाहिजे.

तें जुळेल काय? कठीण आहे, पण अशक्य नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत हजारों रुमाल आहेत व त्यांतील थोडेच छापले गेले. निवडीचा नवा खंड काढण्यापेक्षां एखाद्या एका वर्षाची रोजकीर्द, कांहींहि न वगळतां, तारीखवार छापावी. आणि त्याच वर्षाचे एका किल्ल्याचे व एका कोठीचे हिशेब तिच्या शेजारीं ठेवावेत. नांवें नकलतांना जपावीं. पुरुषाचें नांव बापाच्या नांवासह व गांवासह येतें. स्त्री बहुधा अमक्याची बायको किंवा अमक्याची बहीण म्हणून येते, आणि कोठीच्या हिशेबांत तेंहि जाऊन नुसतें पहिलें नांव राहतें. नकलणारा कंटाळून ‘कुणबिणी आसामी इतक्या’ असा गोषवारा करतो, आणि दुवा कायमचा तुटतो.

खासगी संग्राहकांच्या हातीं असे हिशेब पुष्कळ येतात. पत्रें, सनदा व शिक्क्यांचे कागद निवडून ठेवून खर्चाच्या बाडांपुढें यादींत ‘किरकोळ’ एवढा शेरा मारण्याची चाल आहे. बाड फार जीर्ण असलें तर तें रद्दींतहि जातें. ज्या बाडांत शिध्याबरोबर माणसांच्या याद्या आहेत त्यांस निदान निराळा क्रमांक द्यावा, आणि यादीच्या पानाची नक्कल बाड बांधण्यापूर्वीं करून ठेवावी.